श्वास अठरा

एकाहत्तरावा प्रश्न पडद्यावर आला आणि मिर्लांदला तो एकदम ओळखीचा वाटला. खरं तर आनंद व्हायला हवा होता. नर्सच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या बाईला तिसऱ्या खेपेला ओळखीचा प्रश्न दिसला, आणखी काय हवं? पण ही ओळख पुस्तकातली नव्हती. सत्त्याऐंशी वर्षांची स्त्री, खुब्याचं हाड मोडलेलं, दुखणं थांबावं म्हणून काल संध्याकाळी दंडावर औषधाची पट्टी चिकटवलेली, आता गाढ झोपेत. नर्सने सगळ्यात आधी काय बघावं? खाली चार उत्तरं होती. ताप, रक्तदाब, दुखण्याची तीव्रता, एका मिनिटातले श्वास. मिर्लांदने चौथ्यावर टिचकी मारली. उत्तर बरोबरच होतं, असल्या पट्टीचं औषध जास्त झालं की श्वास मंदावतो हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आणि टिचकी मारता मारताच तिला आठवलं. आज सकाळी साडेसहाला चौदा नंबरच्या खोलीत अशीच एक बाई अशीच झोपली होती, आणि तिच्या तक्त्यावर मिर्लांदने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, श्वास अठरा.

मोजले नव्हते. आजच नव्हे, पहिला दिवस सोडला तर एकवीस वर्षांत तिने कुणाचेच मोजले नव्हते. ताप यंत्र सांगतं, रक्तदाब यंत्र सांगतं, बोटाला चिमटा लावला की नाडीचा आकडा लाल दिव्यात उमटतो. श्वास मात्र ती मदतनीस होती त्या म्हाताऱ्यांच्या होममधलं कुठलंच यंत्र सांगत नाही. त्यासाठी माणसाच्या छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तिथे सकाळच्या वेळी मिनिटभर उभं राहायला सवड कुणाला? न्याहारीच्या आत अकरा जणांना उठवायचं, पुसायचं, कपडे चढवायचे, कुणाची कवळी शोधायची, कुणाची समजूत काढायची, आणि ते करता करता अकरा तक्ते भरायचे. अठराचा हा आकडा तिला पहिल्याच दिवशी वेल्माने दिला होता. वेल्मा म्हणजे मजल्यावरची सगळ्यात जुनी मदतनीस, अमेरिकेच्या दक्षिणेकडची, गुडघे गेलेली, तोंडाने फटकळ. मिर्लांद तेव्हा पंचवीस वर्षांची होती, हैतीतून ब्रॉक्टनला येऊन जेमतेम सात महिने झालेले, बोलणं तोडकंमोडकं. एका म्हाताऱ्याच्या पलंगाशी ती हातात घड्याळ धरून ओठ हलवत उभी होती. वेल्मा दारात येऊन म्हणाली, "काय गं, प्रार्थना म्हणतेस का त्याची? अजून जिवंत आहे तो." मिर्लांद म्हणाली, "श्वास मोजते." त्यावर वेल्माने कपाळाला हात लावला. "अगं माझ्या बाई! असे मोजत बसलीस तर दुपारच्या जेवणापर्यंत यांच्या अंगावर रात्रीचेच कपडे राहतील. अठरा लिही. कुणाला अठरा, कुणाला वीस, जाडजूड असेल तर बावीस. एकोणीस मात्र चुकूनसुद्धा लिहू नकोस, पकडली जाशील." का, असं विचारल्यावर वेल्मा हसत सुटली. "कारण खरे मोजणारे पण अर्धंच मिनिट मोजतात आणि दुप्पट करतात. दुप्पट कधी विषम येते का, येडे?" आणि मग तिने आपल्या डब्यातला तळलेल्या माशाचा अर्धा पाव मिर्लांदच्या हातात कोंबला. त्या अख्ख्या शहरात तिच्याशी मायेने बोललेली ती पहिली बाई. म्हणून तो आकडाही मिर्लांदला कधी खोटा वाटला नाही. मोठ्या बहिणीने सांगितलेल्या युक्तीसारखा तो तिच्या हातात बसला. पुढे जी जी नवी मुलगी मजल्यावर आली तिला मिर्लांदने तोच आकडा दिला, तसाच हसत, तसाच डब्यातला घास देत.

बहात्तरावा प्रश्न आला. जखमेची पट्टी बदलताना आधी हातमोजे कधी घालायचे, असं काहीतरी. खोलीत गारठा होता. बारा लाकडी खोपटी, प्रत्येकात एक पडदा, एक माणूस, छपरात काळे कॅमेरे, आणि काचेपलीकडे बसलेली निरीक्षक बाई. आत सोडताना त्या बाईने तिच्या स्वेटरच्या बाह्या वर करून बघितल्या होत्या, खिसे उलटे करायला लावले होते, तळहात यंत्रावर ठेवायला लावला होता, आणि फोन एका जाड पिशवीत घालून पिशवी तिच्यादेखत बंद केली होती. परीक्षा संपेपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही, लावलात तर परीक्षा तिथेच संपली, असं तिने दोनदा सांगितलं होतं. मिर्लांदने मान डोलावली होती. कुणाला लावायचा होता फोन? तिच्या मनात एकच गोष्ट होती, पंच्याऐंशी. पंच्याऐंशी प्रश्न झाल्यावर यंत्र ज्याच्यावर खूश असेल त्याला सोडतं, नाहीतर पुढे पुढे दीडशेपर्यंत रेटत नेतं. आणि पंच्याऐंशीच्या आत उठलात तर विषयच संपला, नापास. चर्चच्या तळघरात शनिवारी मिर्लांदसह पाच जणी अभ्यासाला बसायच्या तेव्हा निम्मी चर्चा याचीच. रोझलोर म्हणायची, "माझ्या आतेबहिणीचं पंच्याऐंशीला बंद पडलं, ती पास झाली." दुसरी म्हणायची, "माझ्या जावेचं पण पंच्याऐंशीलाच बंद पडलं, ती आपटली." मग मादाम सेंविल टेबलावर पुस्तक आपटायच्या. मादाम सेंविल म्हणजे पोर्ट-ओ-प्रिन्सच्या मोठ्या इस्पितळात तीस वर्षं हेड नर्स राहिलेल्या, आता ऐंशीला टेकलेल्या, पण आवाज अजून अख्ख्या वॉर्डाला पुरेल असा. "यंत्र कधी बंद पडतं याचा अभ्यास चाललाय होय? पेशंट कधी बंद पडतो याचा करा जरा!"

मादाम मिर्लांदवर सगळ्यात जास्त ओरडायच्या, आणि सगळ्यात जास्त जीवही तिच्यावरच होता त्यांचा. दोन खेपांना तू नापास का झालीस ठाऊक आहे का, असं त्यांनी एकदा तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं. "तुला येत नाही म्हणून नाही. तू उत्तर देताना तुझं ते होम डोळ्यांसमोर आणतेस. अकरा माणसं, दोन हात, घंटा वाजतेय, कुणी हाका मारतंय. परीक्षेतल्या इस्पितळात, शेरी, लाडके, एकच पेशंट असतो. एकच. तुझ्या हाताशी सगळी माणसं असतात, सगळी औषधं असतात, आणि वेळ तर इतका असतो की देवाकडेसुद्धा नसेल. तिथे जाऊन उभी राहा आणि मग उत्तर दे." मिर्लांदला हे भयंकर पटलं होतं. गेले तीन महिने ती जिथे सवड मिळेल तिथे त्या दुसऱ्या इस्पितळात जाऊन उभी राहत होती. बसमध्ये, कपडे धुवायच्या यंत्रासमोर, डाळभाताचं पातेलं ढवळता ढवळता. तिथल्या खोल्यांत ऊन असायचं, पेशंट स्वच्छ असायचे, आणि ती प्रत्येकाच्या उशाशी निवांत बसून पूर्ण मिनिट श्वास मोजायची. तिथे ती फार चांगली नर्स होती. आणि आज सकाळी चौदा नंबरच्या दारात उभं राहून, मनात तिथलेच प्रश्नोत्तरांचे पाढे म्हणत, तिने अठरा लिहिलं होतं.

मिसेस यानुलिस. चाळीस वर्षं जोड्यांच्या कारखान्यात चामडं शिवलेली बाई, बोटं अजून सुईसारखी टोचणारी. तिच्या लेखी हैतीतून आलेली प्रत्येक बाई मेरी होती. "मेरी, हात गार आहेत तुझे. मेरी, कॉफी पांचट आहे. मेरी, तुला कुणी शिकवलं गं चादर घालायला, खलाशाने?" खुबा मोडून तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत तिने मजला डोक्यावर घेतला होता. कूस बदलायला हात लावला की ती अशी किंचाळायची की तीन खोल्या पलीकडचा मिस्टर ताव्हारेस भिंतीवर काठी आपटायचा. मिर्लांद कानात बोळे घातल्यासारखी तिचं सगळं करायची. राग यायचा का? यायचा की. माणूसच होती ती. पण एकदा तिने मिसेस यानुलिसला दोन्ही हातांनी उशी आवळून ओठ चावत रडताना बघितलं होतं, आवाज न करता, आणि तेव्हापासून किंचाळण्याचं तिला एवढं वाटत नसे. काल संध्याकाळी तिच्या दंडावर पट्टी लागली, आणि आज सकाळी मिर्लांद दार ढकलून आत गेली तर सगळं शांत. चेहरा सैल, तोंड किंचित उघडं, घशात बारीक घरघर. अंग कोमट. टॉवेलने तोंड पुसलं तरी टोमणा नाही, कूस बदलली तरी किंकाळी नाही, नुसता एक हुंकार. आणि मिर्लांदच्या मनात आलं, झोपली एकदाची बाई. देवा, तुझे उपकार. हे आठवलं आणि तिचे कान तापले. ते उपकार तिने कुणासाठी मानले होते, म्हातारीसाठी की स्वतःसाठी? आज परीक्षेचा दिवस आहे, आज हिने छळू नये, एवढंच होतं ते. छाती बघितली होती का? पांघरूण हनुवटीपर्यंत होतं. ते तिनेच वर ओढलं होतं, गारठा होता म्हणून.

त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. हात आपोआप चालत होता. तिने स्वतःला समजावलं, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. पट्ट्या लावलेल्या किती म्हाताऱ्या आहेत मजल्यावर, झोपतातच त्या. आणि इल्डा आहे ना तिथे. इल्डा मजल्यावरची नर्स, केप व्हर्दे बेटांवरची, हुशार पोर. सहा वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून आली तेव्हा मिर्लांदच्याच हाताखाली शिकली, आणि पहिल्याच झटक्यात ही परीक्षा पास होऊन मिर्लांदच्या डोक्यावर जाऊन बसली. त्याचं वाईट वाटलं होतं थोडं, खोटं कशाला बोला. पण इल्डा चांगली होती. इल्डाने औषधाच्या फेरीत तिला बघितलं असेल. नाहीतर जेवणाचं ताट घेऊन कुणी गेलं असेल, हलवून उठवलं असेल. उठवलं असेल? इथे मिर्लांदचा हात थांबला. कारण दहा वाजता, बस पकडायची म्हणून घाईघाईने, तिने आपले अकरा जण एका नव्या बदली मुलीच्या ताब्यात दिले होते. ती मुलगी कालपर्यंत त्या मजल्यावर कधी आली नव्हती. कोण कुणाशी कसं बोलतं, कोण किंचाळतं, काही ठाऊक नाही तिला. आणि मिर्लांद तिला म्हणाली होती, "चौदा नंबर झोपलीय, झोपू दे. तीन आठवड्यांनी डोळा लागलाय बिचारीचा. ताट परत आलं तरी चालेल." हे तिचेच शब्द होते, दयेचे. त्या मुलीने ते अक्षरशः पाळले असतील, कारण जुन्या मदतनीसचं बोलणं नवी मुलगी पाळतेच.

पंच्याहत्तराव्या प्रश्नाच्या ओळी तिला दिसेनात. त्याऐवजी तिला आई दिसली. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि ती गेली हैतीत, ज्हेरेमी गावी, मिर्लांद इथे. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, "झोपेतच गेली गं. काही त्रास नाही. आम्ही दुपारी बघितलं तेव्हा इतकी छान झोपली होती की उठवावंसं वाटलं नाही." त्या एका वाक्यावर मिर्लांदने नऊ वर्षं काढली होती. चर्चमध्ये कुणी विचारलं की ती तेच सांगायची, छान झोपली होती. सांगताना तिला बरं वाटायचं. आज पहिल्यांदा तिला त्या वाक्यातली दुपार दिसली. पत्र्याखालची खोली, आईचं तोंड किंचित उघडं, दारात उभी राहून बघणारी बहीण, आणि त्या दोघींमधलं सहा पावलांचं अंतर. बहिणीने जवळ जाऊन हात लावला असता तर? तिला बिचारीला काय माहीत असणार. ती बाजारात कोळसा विकायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलंय, मिर्लांदच्या मनात आलं. मला तर तीन महिने दर शनिवारी शिकवलंय. आणि तिला इतकी लाज वाटली की तिने डोळे मिटून घेतले.

शहात्तर. सत्याहत्तर. दोन्हींची उत्तरं तिने काय दिली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्यात चार पेशंट होते, आणि सगळ्यात आधी कुणाकडे जाल, असं विचारलं होतं. एकाला औषध कधी मिळणार ते हवं होतं, एकीची पट्टी ओली झाली होती, एकजण घरी जायची घाई करत होता, आणि एक जण हाक मारली तरी जागा होत नव्हता. मिर्लांद त्या चौथ्या ओळीकडे बघत राहिली. बरोबर उत्तरावर टिचकी मारायला फक्त बोट हलवायचं होतं. ती मारून तिने पुढचे सात प्रश्न सोडवले असते तर दहा मिनिटं लागली असती, फार तर बारा. मग यंत्र कदाचित बंद पडलं असतं, आणि पास झाली असती ती. मनातल्या मनात तिने हिशोब केला, अठराच्या मापाने दहा मिनिटांत एकशे ऐंशी श्वास. पण अठरा हे माप तर तिनेच हवेतून काढलेलं. खरं माप किती होतं ते या जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे ठाऊक असलेली एकच बाई होती, ती इथे स्वेटर घालून खुर्चीवर बसली होती. तिने टिचकी मारली, आणि हात वर केला.

काचेपलीकडची निरीक्षक बाई पावलांचा आवाज न करता आली. साठीची, चष्म्याला मण्यांची साखळी. "काय झालं? बाथरूम का?" तिने कुजबुजत विचारलं.

"मला फोन करायचाय."

"फोन नाही करता येणार हो. सांगितलं होतं ना मघाशी."

"माहीत आहे. तरी करायचाय. आत्ता."

बाईने तिला हाताला धरून बाहेर नेलं, दार लोटलं, आणि मग पूर्ण आवाजात बोलली. "हे बघा, घाबरल्या असाल तर होतं असं. पाणी प्या, पाच मिनिटं बसा. पण फोन घेतलात की परीक्षा संपली. किती झालेत तुमचे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"अरे देवा." बाईने चष्मा काढला. "सात राहिलेत, बाई माझे. फक्त सात. मी इथे रोज बसते, मी बघितलंय लोकांना, जुलाब लागलेले असतात तरी दात आवळून पंच्याऐंशी करतात. घरचं कुणी आजारी आहे का?"

मिर्लांदला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर या भल्या बाईला समजलं असतं. "नाही," ती म्हणाली. "माझ्या वॉर्डातली आहे. सकाळी मी तिच्यात एक गोष्ट बघायला हवी होती, ती बघितली नाही. तुम्ही लावता का फोन माझ्याऐवजी?"

"मला परवानगी नाही. खरंच नाही." बाईचा चेहरा पडला. मग तिने टेबलाचा खण उघडून परीक्षा सोडल्याचा एक कागद काढला, त्यावर मिर्लांदची सही घेतली, कात्रीने पिशवी कापली, आणि फोन तिच्या हातात देताना म्हणाली, "लवकर करा." एवढंच बोलून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

होमचा नंबर वाजत राहिला. कुणी उचलेना. जेवणाची ताटं गोळा करायची वेळ, कोण उचलणार? मिर्लांदने इल्डाचा स्वतःचा नंबर लावला. घाईत तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"अगं मिर्लांद! झाली पण? एवढ्यात? कितव्याला बंद पडलं गं?" इल्डाच्या आवाजात खरोखरचा आनंद होता, आणि तो ऐकून मिर्लांदला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

"इल्डा, चौदा नंबर. आत्ता जा तिच्याकडे."

"झोपलीय ती. तूच सांगून गेलीस ना, झोपू दे म्हणून. मी दारातून बघितलं मघा..."

"दारातून नको. जवळ जा. इल्डा, सकाळी मी तिचे श्वास मोजले नाहीत."

मग इल्डा म्हणाली, "अठरा लिहिलेत तू."

"लिहिलेत. मोजले नाहीत. कालची पट्टी आहे तिच्या दंडावर. धाव, धाव गं बाई!"

बुटांचे तळवे फरशीवर करकरले. दार आदळलं. इल्डाच्या हाका ऐकू आल्या, आधी साध्या, मग ओरडून, "मिसेस यानुलिस! मिसेस यानुलिस, डोळे उघडा!" कातडी चोळल्याचा, थोपटल्याचा आवाज. "मोजते," इल्डा दम खात म्हणाली. "एक." त्यानंतर इतका वेळ काही आलं नाही की मिर्लांदला वाटलं फोन तुटला. "दोन." टेबलामागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा बारीक काटा पुढे सरकत होता आणि मिर्लांद त्याच्याकडे बघत भिंतीला टेकून उभी होती. "तीन. अर्धं मिनिट झालं. तीनच, मिर्लांद." मग इल्डा फोनमध्ये नव्हे, बाहेर कुणाला तरी ओरडली, "पट्टीवरच्या उताऱ्याची लाल पेटी आणा! आणि गाडी बोलवा, गाडी!" फोन पांघरुणावर पडला असावा, कारण त्यापुढे सगळं दबकं झालं. पट्टी उचकटल्याचा आवाज, "नाक वर धर तिचं," धावपळ, कुणाचं तरी "देवा रे देवा." मिर्लांदने मान खाली घालून डोळे मिटले. तिला प्रार्थना सुचेना. नुसतं घे, घे, श्वास घे, एवढंच ती स्वतःच्या भाषेत पुटपुटत होती, लहान मुलाला घास भरवताना म्हणतात तसं. निरीक्षक बाईने खुर्ची आणून तिच्या मागे ठेवली ते तिला कळलंसुद्धा नाही.

आणि मग फोनमधून किंकाळी आली. पट्टी काढली होती, नाकातला उतारा चढला होता, खुब्याचं सगळं दुखणं एका दमात परत आलं होतं, आणि मिसेस यानुलिस जीव खाऊन किंचाळत होती. त्याच्यामागून लांबवर भिंतीवर काठी आपटल्याचा आवाज. मिर्लांद खुर्चीवर बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. त्या किंकाळीचं तिला इतकं वाईट वाटत होतं आणि इतका आनंद होत होता की दोन्ही एकदमच बाहेर पडत होतं, आणि तिला कशाचीही शरम उरली नव्हती.

बऱ्याच वेळाने इल्डाने फोन उचलला. "शुद्धीवर आहे. ओरडतेय. नेतायत तिला इस्पितळात." तिचा आवाज बसला होता. "आणखी अर्धा तास गेला असता ना, मिर्लांद..." मग तिने विचारलं, "तू परीक्षा सोडून उठलीस?"

"हो."

"मला हे सगळं लिहावं लागेल. तू काय सांगितलंस ते पण."

"लिही."

"नोकरी जाईल तुझी. परवान्याचं पण विसर मग. कोण देणार तुला परत बसायला?"

"लिही, इल्डा. मी मोजले नाहीत असंच लिही. विसरले असं लिहू नकोस."

इल्डाच्या मागे चाकांचा पलंग खडखडत गेला, किंकाळी लिफ्टकडे लांब लांब होत गेली. मग ती एकदम हळू आवाजात बोलली, लहान मुलगी कबुली देते तशी. "सकाळी मी तुझे तक्ते वाचले. अठरा, वीस, अठरा, अठरा. वाचताना मला माहीत होतं ते कुठून आलेत. तूच तर शिकवलंस मला. तरी मी खाली सही केली. ते पण लिहिणारे मी." तिने नाक ओढलं. "बाकीचे दहा? त्यांचे मोजलेस का?"

मिर्लांदला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "एकाचेही नाही."

"ये मग," इल्डा म्हणाली. "नोकरी उद्या जाईल. आज तीन वाजेपर्यंत तुझं नाव ड्यूटीच्या फळ्यावर आहे. मी जिन्याच्या बाजूने सुरू करते, तू आलीस की दुसऱ्या टोकाकडून कर. आणि पूर्ण मिनिट, मिर्लांद. अर्धं नाही."

"आले," मिर्लांद म्हणाली, आणि स्वेटरच्या बाहीने तोंड पुसत बसच्या थांब्याकडे पळत सुटली.